अनंताची खूण

आग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात बनत असे. एकशेवीसचा रोल, सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो आणि समोर एक लहानसे भिंग. जालना, अंबड, भोकरदन, परतूर या बाजूच्या ज्या घरांनी साठ-सत्तरच्या दशकांत पहिला कॅमेरा घेतला, त्यांतल्या अनेकांचा तो हाच. आज त्याचा रोल सहज मिळत नाही, मिळाला तर धुऊन देणारा स्टुडिओ गावात उरलेला नाही. भिंग मात्र बहुतेक वेळा शाबूत असते. ते डिजिटल कॅमेऱ्यावर बसवता येते, आणि नीट बसवले तर त्यातून असे चित्र उमटते की आजचे कोणतेही नवे भिंग तसे देत नाही. सगळी गोम 'नीट' या शब्दात आहे. हे प्रकरण त्याबद्दलच आहे.

या जातीच्या कॅमेऱ्यांना फोकसची कडी नसते. भिंग कारखान्यात एकदा जिथे बसवले तिथेच कायमचे. तरीही फोटो बरे येत, कारण छिद्र बारीक होते आणि निगेटिव्ह मोठी होती. हिशेब करून पाहू. भिंगाचे नाभीय अंतर ७५ मिलिमीटर धरा आणि छिद्र एफ/९. सहा बाय सहाच्या निगेटिव्हवर एखादा बिंदू ०.०५ मिलिमीटरपर्यंत पसरला तरी लहान प्रिंटमध्ये डोळ्याला तो बिंदूच वाटतो. नाभीय अंतराचा वर्ग, म्हणजे ५६२५, भागिले ९ गुणिले ०.०५. उत्तर येते सुमारे साडेबारा मीटर. भिंग साडेबारा मीटरवर रोखले तर त्याच्या निम्म्या अंतरापासून क्षितिजापर्यंत सगळे पुरेसे रेखीव दिसते. कारखान्याने ते आणखी थोडे अलीकडे रोखले की अंगणातल्या माणसांचे फोटोही निघतात.

आता निगेटिव्हच्या जागी चोवीस मेगापिक्सेलचा फुल फ्रेम सेन्सर ठेवा. छत्तीस मिलिमीटर रुंदीत सहा हजार पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल ०.००६ मिलिमीटरचा. पडद्यावर चित्र पूर्ण मोठे करून पाहणाऱ्याला एवढा पसारा कळतो. तोच भागाकार पुन्हा केला तर साडेबारा मीटरचे सुमारे १०४ मीटर होतात. कारखान्याने दिलेली सवलत संपली. भिंग जुन्याच जागी ठेवून चालत नाही, त्याला मागेपुढे सरकता यायला हवे आणि 'अनंत' म्हणजे अतिदूरचे दृश्य नेमके कुठे रेखीव होते ती जागा शोधून खूण करायला हवी.

कॅमेऱ्यात भिंग सरकवण्याची ही सोय मुळात सुरुवातीपासून होती. जालना सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांची नेमणूक १८८५ ची. वेरूळची लेणी टिपताना ते काळ्या कापडाखाली डोके घालून दुधी काचेवरची उलटी प्रतिमा पाहत, भिंग मागेपुढे करून ती रेखीव करत आणि मग त्याच जागी प्लेट सरकवत. प्रत्येक फोटोला नवे फोकस. बॉक्स कॅमेऱ्याने कापड आणि दुधी काच दोन्ही काढून टाकली, म्हणून तो स्वस्त झाला आणि खेड्यापर्यंत पोचला. आजच्या मिररलेस कॅमेऱ्याचा पडदा ही ती दुधी काचच आहे: जिथे फोटो उमटणार तिथलीच प्रतिमा डोळ्यासमोर येते, शिवाय दहापट मोठी करून पाहता येते. जुन्या भिंगांना पुन्हा दिवस आले ते या पडद्यामुळे.

भिंग काढताना घाई करू नये. साध्या कॅमेऱ्यात एक काच, फार तर एकमेकींना चिकटवलेल्या दोन काचा असतात. एका अंगाने फुगीर, दुसऱ्या अंगाने खोलगट. ही घडण विल्यम हाइड वोलास्टन यांनी १८१२ मध्ये सुचवली, फोटोग्राफीच्या शोधाच्याही आधी, कॅमेरा ऑब्स्क्युरासाठी. त्यांनी दाखवून दिले की अशा काचेपासून ठरावीक अंतरावर छिद्र ठेवले तर कडेची प्रतिमा बरीच सावरते. म्हणजे काच आणि छिद्राची पट्टी यांच्यातले अंतर हा भिंगाचाच भाग आहे. ते दोन्ही एकत्र, मूळ बैठकीसकट काढावे. काचेची कोणती बाजू बाहेर होती ते आधी पेन्सिलीने लिहून ठेवावे. काही कॅमेऱ्यांत छिद्र पुढे असते, काहींत मागे. उलट बसवलेले भिंगही चित्र देते, पण फक्त मध्यभागी, कडा वाहून जातात. शटरची पाती काढून टाकावी किंवा उघडी अडकवावी, कारण उघडझाप आता डिजिटल कॅमेरा करणार आहे.

नाभीय अंतर छापलेले असले तरी स्वतः मोजावे. खिडकीबाहेरचे झाड पांढऱ्या कागदावर उमटवून पट्टीने मोजणे ही पहिली ढोबळ पद्धत. मात्र पट्टी काचेच्या कोणत्या कडेपासून धरायची हा प्रश्न त्यात राहतो, कारण खोलगट-फुगीर काचेचा गणिती मध्य काचेच्या बाहेर, फुगीर बाजूला पडतो. खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांच्या पद्धतीत तो प्रश्न उरत नाही. टेबलावर एक बारीक एलईडी आणि पांढरा पुठ्ठा बरोबर ४०० मिलिमीटर अंतरावर ठेवा. मधे भिंग सरकवा. पुठ्ठ्यावर रेखीव प्रतिमा दोनदा उमटेल: एकदा मोठी, एकदा लहान. या दोन जागांमधले अंतर मोजा. समजा ते २०० मिलिमीटर आले. ४०० चा वर्ग वजा २०० चा वर्ग, भागिले ४०० ची चौपट: १,२०,००० भागिले १,६००, म्हणजे ७५. मोजायचे ते फक्त भिंगाचे सरकणे, त्याचा मध्य कुठे आहे हे माहीत असण्याची गरजच नाही.

छिद्राचेही तसेच. व्हर्निअरने त्याचा व्यास घ्या. ८.३ मिलिमीटर आला तर ७५ भागिले ८.३, म्हणजे एफ/९. हा आकडा कॅमेऱ्याला कळणार नाही, कारण भिंगात चिप नाही. एक्स्पोजर कॅमेरा स्वतःच्या मीटरने ठरवतो, तो बहुधा बरोबरच असतो. मेन्यूत 'लेन्स नसताना शटर' अशा अर्थाचा पर्याय असतो, तो चालू करावा लागतो. कॅमेऱ्याच्या अंगातच हात थरथरण्यावरचा उपाय असेल तर तिथे ७५ हा आकडा स्वतः भरावा. तो चुकीचा भरला तर यंत्रणा उलट जास्त हलते.

आता मुख्य काम. भिंगाच्या गणिती मध्यापासून सेन्सरपर्यंत अनंतासाठी ७५ मिलिमीटर हवेत. त्यातले काही कॅमेरा स्वतः व्यापतो: भिंग जिथे बसते त्या कडीपासून सेन्सरपर्यंतचे अंतर प्रत्येक कंपनीचे वेगळे. निकॉनच्या जुन्या डीएसएलआर बैठकीत ते ४६.५ मिलिमीटर, कॅननच्या ईएफ बैठकीत ४४, सोनीच्या ई बैठकीत १८, निकॉनच्या झेड बैठकीत १६. उरलेले आपण नळीने भरायचे: निकॉन डीएसएलआरला २८.५, सोनीला ५७. लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडचा जुना डीएसएलआरसुद्धा या भिंगाला चालतो ही मोठी सोय आहे, कारण भिंग मुळातच सेन्सरपासून लांब राहणारे आहे.

पस्तीस मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांची भिंगे एवढी उदार नसतात. झेनिट या सोव्हिएत कॅमेऱ्यासोबत आलेले हेलिओस ५८ मिलिमीटर एफ/२ घ्या. त्याची बैठक ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांची, सेन्सरपासून ४५.४६ मिलिमीटरची. निकॉन डीएसएलआरवर ते कितीही आत घेतले तरी १.०४ मिलिमीटर बाहेरच राहते. एवढ्याशा फरकाने ५८ च्या भिंगाला सव्वातीन मीटरपलीकडचे काहीच रेखीव दिसत नाही, आणि मधल्या कडीची जाडी त्यात मिळवली की मर्यादा आणखी जवळ येते. बाजारात मिळणाऱ्या काही कड्यांत हे सावरायला जादा काच घातलेली असते. ती मी कुणाला सुचवणार नाही, कारण मग फोटो जुन्या भिंगाचा उरत नाही. अशा भिंगाला मिररलेस कॅमेराच घ्यावा.

नळी कुठून आणायची? दोन भाग लागतात. एक हेलिकॉइड, म्हणजे फिरवले की लांब-आखूड होणारी आट्यांची कडी. ती ४२ मिलिमीटर आट्यांत तयार मिळते, सुमारे १७ पासून ३१ मिलिमीटरपर्यंत सरकणारी. दुसरा भाग भिंगाची मूळ बैठक धरून ठेवणारे नळकांडे. ते लेथवर करून घ्यावे. जालना हे लोखंडाच्या रोलिंग मिल्सचे गाव आहे. एमआयडीसीत या गिरण्यांची दुरुस्ती करणारे, शाफ्ट आणि बुश कातणारे टर्नर बसलेले आहेत. रोलिंग मिलचा बुश बसवणाऱ्या माणसाला मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. पुण्या-मुंबईच्या छंदिष्टाला परदेशातून जे मागवावे लागते ते इथे कागदावरच्या एका आकृतीवर होऊ शकते. फक्त दोन गोष्टी आकृतीवर स्पष्ट लिहाव्यात: दोन्ही तोंडे एकमेकांना समांतर हवीत आणि लांबी दोन मिलिमीटर आखूड ठेवावी. आखूड नळीत शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती, घालून लांबी वाढवता येते, लांब झालेली नळी पुन्हा लेथवर न्यावी लागते.

धातू कोणता, यावर या भागात विचार करावाच लागतो. डिसेंबरच्या पहाटेचे बारा अंश आणि मेच्या दुपारचे बेचाळीस यांत तीस अंशांचा फरक. ५७ मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनिअमची नळी तेवढ्याने सुमारे ०.०४ मिलिमीटर वाढते. एफ/९ ला सेन्सरवर मागेपुढे ०.०५४ मिलिमीटरची मुभा असते, म्हणजे हे खपून जाते. प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपाचा तुकडा मात्र तेवढ्याच तापमानात साधारण तिप्पट वाढतो आणि हिवाळ्यात लावलेली खूण उन्हाळ्यात खोटी ठरते. थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लॅस्टिकची नळी करणारे बरेच आहेत. ते प्लॅस्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड तिथपर्यंत जातो. मराठवाड्यात अ‍ॅल्युमिनिअमच घ्यावे.

नळी आतून काळी करणे हे काम पुष्कळ जण टाळतात आणि मग भिंगाला दोष देतात. सहा बाय सहासाठी घडवलेले भिंग ऐंशी मिलिमीटर व्यासाचे प्रकाशाचे वर्तुळ टाकते. फुल फ्रेम सेन्सरचा कर्ण ४३ मिलिमीटरचा आहे. उरलेला सगळा प्रकाश नळीच्या भिंतींवर आपटून परत सेन्सरवर येतो आणि चित्र दुधाळ होते. चकचकीत अ‍ॅल्युमिनिअमवर काळा ऑइल पेंट पुरत नाही, तोही चमकतो. आतून बारीक आटे पाडून घ्यावेत किंवा काळे मखमली कापड चिकटवावे, आणि नळीच्या मागच्या तोंडाशी सेन्सरच्या आकाराचा चौकोनी कापलेला काळा पुठ्ठा बसवावा. या पुठ्ठ्याने चित्रात जो काळेपणा येतो तो पाहून आश्चर्य वाटते.

आता अनंत. गणिताने अनंत म्हणजे अमर्याद लांब, पण भिंगाला तेवढे लागत नाही. ७५ च्या भिंगाने शंभर मीटरवरची वस्तू पाहिली तर तिची प्रतिमा अनंताच्या जागेपासून ०.०५६ मिलिमीटर मागे पडते, पाचशे मीटरवरची केवळ ०.०११. एक किलोमीटरवरचा विजेचा मनोरा किंवा मोबाइलचा टॉवर पुरेसा आहे. डोंगराळ कोकणात किंवा दाट शहरात एवढी सरळ नजर मिळायला गच्ची शोधावी लागते. जालन्याच्या काळ्या मातीच्या सपाटीवर ती शिवारात उभे राहिले की मिळते. अंबडच्या बाजूला मत्स्योदरी देवीच्या टेकडीवरचे मंदिर हा दुरून दिसणारा आणि सरळ रेषा असलेला चांगला नेम आहे. पण वेळ सांभाळावी. ऊन चढले की तापलेल्या जमिनीवरची हवा उकळल्यासारखी हलते, दूरची प्रत्येक कड थरथरते आणि फोकसची जागा सापडत नाही. सूर्योदयानंतरचा पहिला अर्धा तास सर्वांत चांगला.

त्याहून चांगली रात्र. ताऱ्याइतका बारीक आणि ताऱ्याइतका दूर असा दुसरा नेम नाही. हिवाळ्यात व्याध, उन्हाळ्यात स्वाती किंवा अभिजित निवडा. कॅमेरा तिपाईवर ठेवून पडद्यावर तारा पूर्ण मोठा करा आणि हेलिकॉइड सावकाश फिरवा. ठिपका लहान होत जाईल, एका जागी सर्वांत लहान होईल आणि पुढे पुन्हा फुगेल. म्हणून हेलिकॉइड अनंताच्याही आत अर्धा-एक मिलिमीटर जायला हवे. ठिपका फुगताना दिसल्याशिवाय सर्वांत लहान जागा कोणती हे ठरवता येत नाही. पडद्यावर तारा नीट दिसत नसेल तर फोटो काढून तुलना करावी, पण शटर एक सेकंदाच्या आत ठेवावे. पृथ्वीच्या फिरण्याने ७५ च्या भिंगात तारा सेकंदाला जवळजवळ एक पिक्सेल सरकतो.

एका काचेच्या भिंगाने तारा पाहिला की रंगांची गोष्ट समोर येते, आणि माझ्या मते या साऱ्या उद्योगातला हाच सर्वांत सुंदर भाग आहे. साधी काच निळा प्रकाश जास्त वळवते, तांबडा कमी. ७५ मिलिमीटरच्या एका काचेत निळ्याची आणि तांबड्याची नाभी एकमेकींपासून साधारण १.२ मिलिमीटर दूर पडते. मघाची मुभा ०.०५४ होती. म्हणजे सगळे रंग एकाच वेळी रेखीव होणे या भिंगाला शक्यच नाही. सेन्सर भिंगाच्या किंचित जवळ असला तर ताऱ्याचे केंद्र निळे आणि भोवती तांबडे वलय दिसते. लांब असला तर केंद्र तांबडे आणि वलय निळे. दोन्हींच्या मधे कुठेतरी हिरवा रेखीव होतो. सेन्सरवरचे निम्मे पिक्सेल हिरव्यासाठी असतात आणि आपल्या डोळ्यालाही रेखीवपणा प्रामुख्याने त्याच पट्ट्यात जाणवतो, म्हणून खूण तिथे करावी. वलयाचा रंग बदलताना पाहून ती जागा ठिपक्याच्या आकारापेक्षाही नेमकी सापडते.

फोटोग्राफीच्या पहिल्या पिढीला हाच पेच वेगळ्या रूपात पडला होता. त्या काळच्या प्लेटा निळ्या प्रकाशालाच जागत, पण डोळा फोकस करायचा पिवळ्या-हिरव्यावर. साध्या भिंगाने दुधी काचेवर रेखीव दिसलेले चित्र प्लेटवर अस्पष्ट येई आणि भिंग ठरावीक अंतर सरकवूनच प्लेट घालावी लागे. आपण हे उलट वापरू शकतो. रॉ फाइलमधून फक्त हिरवा थर घेऊन कृष्णधवल चित्र केले की वलये नाहीशी होतात आणि त्या छोट्या काचेत किती रेखीवपणा दडला होता ते कळते. रंगीतच हवे असेल तर वलये येणार. ती घासून काढण्यात अर्थ नाही. पांढऱ्या धोतर-टोपीच्या कडेला येणारी जांभळी झाक हीच या भिंगाची ओळख आहे.

अनंताची खूण झाली की बाकीची अंतरे गणिताने मिळतात. भिंग अनंताच्या जागेपासून पुढे किती आणायचे ते काढायला नाभीय अंतराच्या वर्गाला वस्तूच्या अंतरातून नाभीय अंतर वजा करून भागायचे. दहा मीटरला ०.५७ मिलिमीटर, पाचला १.१४, तीनला १.९२, दोनला २.९२, एकला ६.०८. हेलिकॉइडवर कागदी टेप लावून व्हर्निअरने ही सरकणी मोजून रेघा माराव्यात. मग दोन मीटरवर टांगलेल्या वर्तमानपत्राचा फोटो काढून पडताळावे. रेघ आणि फोटो जुळले नाहीत तर बहुधा नाभीय अंतर मोजताना चूक झालेली असते.

त्याच वर्तमानपत्रावर भिंग वाकडे बसले आहे का तेही कळते. भिंतीवर कागदाच्या मधोमध छोटा आरसा चिकटवा. पडद्याच्या बरोबर मध्यावर आपल्याच भिंगाचे प्रतिबिंब दिसले की कॅमेरा भिंतीला समांतर आहे. आता चारही कोपऱ्यांतली अक्षरे सारखीच अस्पष्ट हवीत. एकच कोपरा जास्त वाहत असेल तर नळीची तोंडे समांतर नाहीत, त्या बाजूला शिमचा तुकडा द्यावा. चारही कोपरे थोडे वाहणारच. अशा भिंगाची प्रतिमा सपाट नसते, वाटीसारखी वळलेली असते, आणि बऱ्याच बॉक्स कॅमेऱ्यांत फिल्मही मुद्दाम वळवून बसवलेली असे. सपाट सेन्सरला तसे वळता येत नाही. छिद्र काचेच्या पुढे असेल तर सरळ रेषा बाहेर फुगतात, मागे असेल तर आत दबतात. हे मात्र संगणकावर पूर्ण सुधारता येते: बुद्धिबळाच्या पटासारख्या छापील चौकटींचे वेगवेगळ्या कोनांतले पंधरा-वीस फोटो द्यायचे आणि झेंगयू झांग यांनी २००० मध्ये मांडलेल्या रीतीने प्रोग्राम त्या भिंगाचे आकडे काढून देतो. शिलालेखाची किंवा वाड्याच्या दर्शनी भिंतीची मापे फोटोवरून घ्यायची असतील तर हे करावे. माणसांच्या फोटोला त्याची गरज नाही.

घरात सापडलेले भिंग बॉक्स कॅमेऱ्याऐवजी पेंटॅक्सचे नंतरच्या घडणीचे सुपर टाकुमार ५० मिलिमीटर एफ/१.४ असले आणि त्याची काच चहासारखी पिवळी दिसली तर ते टाकू नये. त्या काचेत थोरिअम आहे, त्याच्या किरणोत्साराने रंग चढतो आणि अतिनील प्रकाशाने उतरतो. मागे आरशासारखा चकचकीत कागद ठेवून काही आठवडे खिडकीतल्या उन्हात ठेवले की बराचसा पिवळेपणा जातो. सूर्याची किरणे एकवटून मागे काही पेटणार नाही एवढी काळजी मात्र घ्यावी.

सगळे जुळले की एका कागदावर नाभीय अंतर, छिद्राचा व्यास, शिमची जाडी, कोणत्या कॅमेऱ्यावर कोणत्या तारखेला आणि किती तापमानात खूण केली हे लिहून तो कागद भिंगाच्या टोपणात चिकटवावा. उन्हाळा ओसरल्यावर एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा ताऱ्यावर खूण पुन्हा तपासावी. हेलिकॉइडचे ग्रीस उन्हात पातळ होऊन ढिले पडते आणि दमट दिवसांत काचेच्या कडेला बुरशीचे पहिले धागे दिसतात, तेव्हा ते तिथल्या तिथे पुसता येतात.